आक्कांच्या घड्याळाचं ऑपरेशन

दुपारी दोनच्या ठोक्याला आक्कांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि भावाच्या कटिंग टेबलावर ठेवलं. खरं तर आदळायचंच होतं, पण महागाची वस्तू म्हणून हात आवरला.

"हे घ्या. चार वाजता हे माझ्या हातावर पाहिजे, आणि जिवंत पाहिजे. नाहीतर सरळ माझं गाठोडं बांधायला या दोघंही."

"आक्का, आधी बस तरी," मास्तर म्हणाले.

"मी बसते. तू उभा राहा. तू बसलास की काम उद्यावर जातं."

मास्तर म्हणजे आक्कांचे धाकटे भाऊ, शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. एक लांब टेबल, दोन मशिनं, आणि खिळ्याला टांगलेले कागदी मापांचे जुडगे. मास्तरांनी ‘उद्या’ सांगितलं की जाणती गिऱ्हाइकं मनातल्या मनात आठवडा मोजत. शिवण मात्र अशी की कपडा उलटून पाहिला तरी सुलट बाजू कुठली ते चटकन कळू नये.

त्यांच्या बायकोला सगळे सिस्टर म्हणत. नवराही म्हणे. एकतीस वर्षं इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी डॉक्टरांच्या हातात हत्यारं ठेवली होती. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी घरात कुणी ‘मीठ दे’ म्हटलं की मिठाची बरणी फट्‌कन तळहातावर येऊन बसे, झाकण काढलेली.

आता ही गाठोड्याची भानगड काय, तेही सांगायला हवं.

आक्कांचा मुलगा दूरच्या शहरात लिफ्ट तपासायचं काम करायचा. ज्याचा सगळा दिवस वर-खाली करणाऱ्या पेट्यांच्या दोऱ्या चाचपण्यात जातो, त्याला जगातली प्रत्येक गोष्ट आता पडते की मग पडते असंच वाटत राहतं. त्यात आई चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी आणि हट्टी. ‘माझ्याकडे ये’ म्हणून त्याने दोन वर्षं आळवणी केली. आक्का म्हणाल्या, "माझ्या घरात मला अंधारातही काडेपेटी सापडते. तुझ्या घरात भर उजेडात मीच मला सापडत नाही." शेवटी तह झाला. आईने आपल्याच घरात राहायचं, पण मुलाने दिलेलं स्मार्टवॉच हातात बांधून. ते पावलं मोजे, छातीचे ठोके मोजे, आणि आई पडली तर मुलाच्या फोनवर आरोळी ठोके. फक्त दुपारी दोन ते चार ते चार्जिंगला राहील, कारण तेव्हा आक्का झोपतात.

आक्का झोपत नव्हत्या. दोन वाजता त्या घराला कुलूप लावत, चार घरं चालून भावाकडे येत आणि चारपर्यंत त्याच्या शर्टांची काजं-बटणं करत बसत. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मुलाने सुईला हात लावायची बंदी घातली होती, म्हणून ही चोरी. देवाने प्रत्येकाच्या पदरात एखादं निरुपद्रवी खोटं घालून पाठवलेलं असतं. आक्कांच्या पदरात हे होतं, आणि त्या ते रोज दोन तास मनापासून सांभाळत.

पण घड्याळच म्हातारं झालं. सकाळी शंभर टक्के, दहाला साठ, आणि बाराच्या आत राम म्हणून मोकळं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मुलाचा फोन आला, आक्कांनी सांगितलं अंघोळीला गेले होते. दुसऱ्यांदा सांगितलं, बाहीखाली दबलं असेल. तिसऱ्यांदा काही सुचायच्या आत तोच म्हणाला, "आई, आता पुन्हा ठरल्या वेळेबाहेर बंद दिसलं, तर शनिवारी गाडी घेऊन येतो. मग वाद नाही." त्या दिवसापासून आक्का दर तासाला ते गुपचूप चार्जरला टेकवत आणि कसंबसं दोनपर्यंत तगवत.

दुकानदाराने घड्याळ उलटंपालटं करून सांगितलं, बॅटरी गेली आहे, कंपनीकडे पाठवावं लागेल, दहा दिवस. हे मुलाला सांगावं तर तो म्हणणार, मग तेवढे दहा दिवस इकडे ये. समोरच्या घरातल्या बाई अशाच पंधरा दिवसांसाठी लेकीकडे गेल्या होत्या. त्यांच्या घरात आता दातांचा डॉक्टर बसतो, आणि जिथे त्या भाजी निवडत तिथे लोक आ वासून बसलेले असतात.

म्हणून सिस्टरनी टपालाने नवी बॅटरी मागवली. सोबत दोन इवलेसे पेचकस, एक प्लास्टिकचं पातं आणि काच परत चिकटवायची एक रबरी कडी आली. व्हिडिओ त्यांनी अकरा वेळा पाहिला आणि वहीत टिपणं काढली. मास्तरांनी अर्धा पाहिला आणि म्हणाले, "हे तर कॉलर उसवून परत बसवण्यासारखं आहे."

"अहो, हात धुतलेत का?" सिस्टरनी विचारलं.

"सकाळीच."

"कोपरापर्यंत. आणि अंगठी काढा."

"अगं, घड्याळ आहे ते. त्याला जंतू होणार आहेत का?"

"थिएटरात मोठमोठ्या सर्जननी मला हा प्रश्न विचारायची हिंमत केली नाही."

मास्तर मुकाट्याने मोरीवर गेले. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत आमच्या आईला जे जमलं नाही ते तू करून दाखवलंस बाई. हा पोरगा सांगितल्यावर हात धुतो."

सिस्टरनी टेबलावर हिरवं कापड अंथरलं. त्यावर स्टीलचा ट्रे, चिमटा, कापूस, स्पिरिटची बाटली आणि पेचकस ओळीने मांडले, इतके सरळ की मास्तरांच्या पट्टीलाही लाज वाटावी. भिंतीवर एक कागद चिकटवला. ‘स्क्रू’ आणि ‘बॅटरी’ असे दोन रकाने. आत किती होतं, बाहेर किती आलं, परत आत किती गेलं. एकतीस वर्षांत त्यांच्या थिएटरात कुणाच्या पोटात कापसाचा बोळा राहिला नव्हता, तो याच मोजणीमुळे. मोजणी जुळल्याशिवाय टाका नाही.

मास्तरांचीही आपली पद्धत होती. कानामागे खडू. कुठलाही कपडा उसवायचा तर आधी खुणा करायच्या, म्हणजे पुढची बाजू कुठली, मागची कुठली, जुनं काय, नवं काय याचा घोळ होत नाही. खडू नसला तर मास्तरांना चष्मा विसरल्यासारखं होई.

"काच गरम करायची आहे," सिस्टरनी वही वाचली. "आतला गोंद सैल होतो. व्हिडिओत केस वाळवायचं मशीन वापरलंय."

"ते आपल्याकडे कुठाय? माझ्या डोक्यावर आता वाळवण्यासारखं राहिलंय काय?"

"मग?"

"इस्त्री आहे की." मास्तरांनी सुती कापडाची आठपदरी घडी घातली, तिच्यावर इस्त्री फिरवली, तळहात टेकवून पाहिला, पुन्हा फिरवली. "रेशमाला चालते तेवढी ऊब. बस." आणि घड्याळ त्या घडीवर पालथं घातलं. मिनिट-दीड मिनिटाने ते उचलून त्यांनी प्लास्टिकचं पातं काचेच्या कडेला लावलं. आक्कांची सुई अर्ध्यात थांबली. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि काच एका बाजूने उचलली गेली.

"हळू! आत फीत आहे. तुटली तर काच आंधळी होईल."

"सिस्टर, मी नववधूची चोळी उसवलेली आहे, ती अंगात असताना. फितीचं मला सांगू नकोस."

"कुणाची चोळी?" आक्कांनी मान वर केली.

"आक्का, तू बटण लाव."

घड्याळ पुस्तकासारखं उघडलं. आत सगळं इतकं दाटीवाटीने बसवलेलं, की हा पसारा मांडणाऱ्याला प्रवासाच्या पिशव्या भरायला बोलवावं असं सिस्टरना वाटून गेलं. मास्तर पेचकस फिरवत, सिस्टर चिमट्याने स्क्रू उचलत, ट्रेमध्ये ठेवत आणि मोठ्याने मोजत. "एक. दोन. तीन. चार. स्क्रू चार बाहेर." कागदावर चार रेघा.

"आता बॅटरीची वायर. हे असं एक..." सिस्टर वहीत शब्द शोधू लागल्या.

"टिचबटण आहे ते," मास्तर म्हणाले, आणि नखाने टिच्‌ करून काढलंसुद्धा. आता त्यांना भलताच हुरूप आला. बॅटरी तळाला गोंदाने घट्ट चिकटलेली होती. व्हिडिओतल्या माणसाने ती काढायला दहा मिनिटं आणि दोन शिव्या खर्च केल्या होत्या. मास्तरांनी मेण लावलेला दोरा घेतला, बॅटरीखाली सरकवला आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढत नेला. गोंद सुटत गेला. बॅटरी अलगद वर आली.

"हे मात्र व्हिडिओत नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून नवऱ्याची स्तुती एवढीच निघायची, आणि मास्तर तेवढ्यावर महिनाभर जगायचे.

मास्तरांनी कानामागचा खडू काढला, बॅटरीवर बारीकशी फुली मारली आणि तिला ट्रेमध्ये ठेवून ते आतला चिकटलेला गोंद टोकरायला वळले. सिस्टरनी नवी बॅटरी पाकिटातून काढून त्याच ट्रेमध्ये ठेवली. आणि त्यांना दिसलं की ट्रेमध्ये पांढरी धूळ पडली आहे.

थिएटरच्या ट्रेमध्ये धूळ! सिस्टरनी स्पिरिटचा बोळा घेतला, एक बॅटरी पुसली, दुसरी पुसली, ट्रे पुसला आणि दोन्ही बॅटऱ्या शेजारीशेजारी अशा सरळ लावल्या की दोन जुळ्या बहिणी शाळेत निघाल्यात असं वाटावं.

तेवढ्यात आक्का "अगं आई" म्हणाल्या. सुई बोटात गेली होती. सिस्टर कापूस घेऊन तिकडे धावल्या. मास्तर ट्रेकडे वळले. पहिल्या बॅटरीवर त्यांनी फुली शोधली. फुली नव्हती. फुली नाही म्हणजे नवी. त्यांनी ती उचलून बसवली, टिचबटण लावलं, आणि दुसरीकडे बघायचं त्यांना काही कारणच उरलं नाही.

सिस्टर परत आल्या. "बॅटरी?"

"बसली."

"एक बाहेर, एक आत. ट्रेमध्ये एक शिल्लक. बरोबर. स्क्रू?"

"चारही घातले."

"चार बाहेर, चार आत. मोजणी जुळली. करा बंद."

मास्तरांनी रबरी कडी बसवली, काच मिटली, आणि कापड धरायला वापरतात ते छोटे चिमटे चारी बाजूंनी लावले. सव्वातीन वाजले होते. आक्कांनी बोट चोखत विचारलं, "झालं?"

"झालं. आणि बघ, उद्यावर गेलं नाही."

"देव तुमचं भलं करो रे बाबांनो. मी उगीच रात्रभर तळमळले."

घड्याळाची कळ दाबली. काच उजळली. तिघांनी माना पुढे केल्या. काचेवर आकडा आला, नऊ टक्के. मग तो आकडा लाल झाला, आणि मग काहीच नाही.

"दमलं असेल," मास्तर म्हणाले.

"नवी बॅटरी निम्मी भरलेली येते," सिस्टर हळूच म्हणाल्या. "व्हिडिओत सांगितलंय."

मास्तरांनी ट्रेमधली बॅटरी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"हिच्यावरची फुली कुठाय?"

"कसली फुली?"

"मी मारलेली. खडूने. जुनीवर."

"ती तुम्ही मारली होती?"

"मग काय बॅटरी फुली घेऊन जन्माला आली?"

"मला वाटलं धूळ. मी स्पिरिटने पुसली."

"पुसलीस?"

"दोन्ही पुसल्या. तुम्ही सांगायचं नाही का, फुली मारतोय म्हणून!"

"मी चाळीस वर्षं खडू मारतो, गिऱ्हाइकाला सांगून मारतो का? आणि तू म्हणालीस ना मोजणी जुळली!"

"जुळलीच होती! एक बाहेर, एक आत!"

"पण कुठली एक?"

सिस्टरनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. पोटातून काढलेली एक आणि पोटात घालायची दुसरी, अशा दोन हुबेहूब वस्तू थिएटरात कधी एका ट्रेमध्ये आल्याच नव्हत्या. मास्तरांचं बिनचूकपण खरं, सिस्टरचंही खरं. आणि दोघांच्या बिनचूकपणाने मिळून जुनीच बॅटरी परत आत, नवी कडी लावून, अगदी सुबक शिवली होती.

कोपऱ्यातून खुसखुस ऐकू आली. आक्का हसत होत्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "एकाने मारायची, दुसऱ्याने पुसायची. अरे, तुमचा संसार इतकी वर्षं टिकला कसा?"

"अगं आक्का, हसतेस काय?"

"रडू का मग?" म्हणाल्या, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. तीन वाजून पंचवीस मिनिटं. हसू जागच्या जागी विरलं. सुई शर्टात टोचून त्यांनी शर्ट बाजूला ठेवला, आणि रिकामं मनगट दुसऱ्या हाताने धरलं.

ते पाहून दोघांचं भांडण तिथेच मिटलं. मास्तर इस्त्री तापवायला गेले.

दुसऱ्यांदा उघडणं सोपं गेलं. कडी मात्र फाटली, आणि पाकिटात कडी एकच होती. मास्तरांनी कपड्याची दुमड चिकटवायची दुतर्फी पट्टी काढली, तिच्यातून दोऱ्याएवढ्या रुंदीच्या चार चिंध्या कापल्या, आणि चष्मा कपाळावर चढवून काचेच्या कडेने लावायला सुरुवात केली. या वेळी जुनी बॅटरी सिस्टरनी ट्रेमध्ये ठेवलीच नाही. ती थेट दुसऱ्या खोलीत नेऊन रिकाम्या कपात ठेवली, आणि येऊन म्हणाल्या, "आता मारा हव्या तेवढ्या फुल्या."

"या पट्टीतून पाणी आत जाईल हो," मास्तर म्हणाले. "आक्का, भांडी घासताना घड्याळ काढायचं."

"मग भांडी तूच येऊन घास."

चार वाजले तेव्हा नवी बॅटरी आत होती, टिचबटण लागलं होतं, दोन स्क्रू बसले होते आणि पट्टीची एक बाजू राहिली होती. चार वाजून पाच मिनिटांनी आक्कांचा फोन वाजला.

"घेऊ नको," मास्तर म्हणाले. "नाहीतर मी घेतो. सांगतो लाइट गेली होती."

"त्याच्या फोनवर दिसत असेल हो सगळं," सिस्टर म्हणाल्या. "आणि मी खोट्यात नाही. विचारलं तर खरंच सांगणार."

"मग आक्का झोपल्यात म्हणून सांगतो."

"चार वाजता उठत नाही म्हटल्यावर तो शनिवारची वाट बघेल का? आत्ताच निघेल."

फोन वाजतच होता. आक्कांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे. मग फोन उचलला, पडद्यावर मुलाचा चेहरा आला, मागे कसल्याशा इमारतीचा जिना.

"आई! घड्याळ बंद आहे. बरी आहेस ना? कुठे आहेस?"

"बरी आहे. मामाकडे आहे. आणि घड्याळ बंद आहे ते मेलंय म्हणून. गेले अकरा दिवस मरतंय. अंघोळ, बाही, सगळं खोटं होतं."

मुलगा जिन्याच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "मग शनिवारी येतो मी. सामान भरून ठेव."

"येशील. पण आधी ऐक. दुपारी दोन ते चार मी झोपत नाही. वर्षभर झोपलेले नाही. मी रोज इथे येते आणि मामाची काजं करते."

"सुई? आई, डोळे..."

"डोळे आहेत म्हणून तर दिसतं. आता मला सांग, तुझी लिफ्ट किती दोऱ्यांवर असते?"

"काय?"

"सांग की. रोज बघतोस ना?"

"पाच, सहा. पण त्याचा इथे काय..."

"एका दोरीवरची लिफ्ट तू चालू ठेवू देशील?"

"एका? लगेच कुलूप लावीन."

"मग आपल्या आईला एका घड्याळावर का टांगलंस रे? ते बंद पडलं की तुला वाटतं, पडली. हे बघ." आक्कांनी फोन फिरवला. पडद्यात मास्तर आले, कपाळावर चष्मा चढवलेले, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरलेले. पाठोपाठ हातमोजे घातलेल्या सिस्टर. "ही एक दोरी. ही दुसरी. दोघंही वेडी आहेत, पण तुटणारी नाहीत."

"आक्का, आम्ही दोऱ्या?" मास्तर पट्टीच्या आडून म्हणाले.

"गप. तुझं कौतुक चाललंय."

मुलगा त्या दोघांकडे पाहत राहिला. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते आक्कांना अगदीच नवं होतं. "आई, दोन ते चारच्या मधेच मी रोज जेवायला बसतो. आणि नीट जेवण जात नाही. ते दोन तास तू एकटी, दार आतून बंद, घड्याळ चार्जिंगला. ती वेळच मला सगळ्यांत वाईट वाटायची."

"आणि मी त्या वेळी या दोघांची भांडणं ऐकत असायचे," आक्का म्हणाल्या. "वेड्या, विचारायचंस तरी."

"तू सांगायचंस तरी."

सिस्टरनीच सुटका केली. त्यांनी फोन आक्कांच्या हातातून घेतला, स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाल्या, "रिकामा आहेस ना? मग कामाला लाग. आमची मोजणी आज एकदा फसली आहे. तिसऱ्या माणसाने बघायला हवं. स्क्रू किती दिसतात?"

"मामी, मला नीट दिसत नाहीये."

"अहो, बोट काढा मधून. हं, आता?"

"बसलेले दोन. ट्रेमध्ये... दोन."

"जुनी बॅटरी?"

"दिसत नाही."

"ती कपात आहे. दाखवते." सिस्टर कप घेऊन आल्या. मुलाने कपात डोकावून, सहीच करायची राहिली अशा गंभीरपणे, "दिसली" म्हटलं. मास्तरांनी उरलेले दोन स्क्रू फिरवले, शेवटची चिंधी बसवली, काच मिटली. चिमटे लावले. कुणीही ‘झालं’ म्हणालं नाही. सिस्टरनी कळ दाबली.

काच उजळली. त्रेपन्न टक्के.

"त्रेपन्न!" मुलगा तिकडून ओरडला. बहुतेक त्याच्या फोनवरही आलं असावं. जिन्यात त्याच्या मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, आई चालू झाली." मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि मग सिस्टरचाही पुसला, त्यांच्या हातात मोजे होते म्हणून.

"शनिवारचं काय?" आक्कांनी विचारलं. विचारताना शर्टाची बाही उगाचच सरळ करत होत्या.

"येणारच." मुलगा थांबला. "बसने येतो. गाडी नको. दोन दिवस राहतो आणि परत जातो. एकटाच."

"ये की."

"पण अट आहे. काळ्या कपड्यावर काळी काजं करायची नाहीत."

"ती तुझ्या मामालाच नाही जमत. मंजूर."

"आणि दोन ते चार मला मधून एखादा फोटो पाठवायचा."

"कशाचा?"

"भांडणाचा."

पट्टी घट्ट बसायला तासभर चिमटे ठेवायचे होते. तेवढ्यात आक्कांनी चार काजं पुरी केली, आणि सिस्टरनी कागदावरच्या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना आखून वर ‘कुठली’ असं लिहिलं. मास्तर म्हणाले, आता कुणाची ऑपरेशनं करणार आहेस. त्या म्हणाल्या, तुमचं डोकं बाकी आहे.

साडेपाचला आक्कांनी घड्याळ बांधलं, दोघांना ‘येते गं, येते रे’ म्हटलं आणि चार घरं चालून आपल्या घराशी आल्या. फोन पुन्हा वाजला.

"आई, ठोके वाढलेत तुझे. काय झालं?"

"काही नाही रे," आक्का कठड्याला धरून, एक पायरी थांबून म्हणाल्या. "माझ्या घराचा जिना चढतेय."